खातं बदललंय म्हणतात? आधी फोन करा: फसव्या कॉल आणि ईमेलपासून लहान व्यवसाय कसा वाचवावा

लहान व्यवसायात बहुतेक वेळा एकच माणूस माल मागवतो, तोच बिल तपासतो आणि पैसेही तोच पाठवतो. मोठ्या कंपनीत या तीन कामांना तीन टेबलं असतात, त्यामुळे एकाच्या नजरेतून सुटलेलं खोटं बिल दुसऱ्याकडे अडकू शकतं. तुमच्याकडे ती सोय नसते आणि भामट्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर त्यांचे कॉल आणि मेल नेमके ऐन गर्दीत, महिनाअखेरीला किंवा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी येतात.

आजवर सगळ्यांना एकच सल्ला मिळत आला: भाषेतल्या चुका बघा, विचित्र पत्ता बघा, संशय आला तर थांबा. हा सल्ला चुकीचा नाही, पण आता पुरत नाही. निर्दोष भाषा लिहून देणारी साधनं भामट्यांच्याही हाताशी आहेत, आणि नीट रचलेल्या फसवणुकीत संशय येतच नाही. लिथुआनियाच्या एव्हाल्डस रिमासाउस्कसने तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या खऱ्या पुरवठादाराच्या नावाची कंपनी लाटव्हियात नोंदवली. २०१३ ते २०१५ या काळात त्याने गूगल आणि फेसबुकला खोटी बिलं पाठवून दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम उकळली. बिलं, करारपत्रं, शिक्के, सगळं अस्सल वाटावं असं होतं. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. एवढा फौजफाटा असलेल्या कंपन्या फसत असतील, तर दुकान, कार्यशाळा किंवा छोटं ऑफिस चालवणाऱ्या माणसाने केवळ आपल्या नजरेवर भिस्त ठेवू नये.

त्यामुळे या लेखात खोटं ओळखण्याच्या युक्त्या कमी आहेत आणि पद्धत जास्त आहे. मोजकी कामं, ती कितीही खरी वाटली तरी, ठरलेल्या रीतीने तपासल्याशिवाय करायचीच नाहीत. ती रीत मात्र आजच, शांत डोक्याने ठरवून ठेवायला हवी. फोन कानाला लागलेला असताना ते जमत नाही.

पहिली पायरी: पैसे बाहेर जाण्याच्या वाटा कागदावर मांडा

एक कोरा कागद घ्या आणि व्यवसायातून पैसा कुठून कुठून बाहेर जाऊ शकतो ते लिहा. बँक खाती, कार्डं, चेकबुक, मोबाइलवरची पेमेंट ॲप, दरमहा आपोआप कापली जाणारी वर्गणी, सगळं. प्रत्येकापुढे लिहा: पैसे कोण पाठवू शकतं, किती पाठवू शकतं आणि पाठवल्याचं कोणाला कळतं.

मग दुसरी यादी करा. हिच्यात थेट पैसे नसतात, पण पैशांच्या चाव्या असतात. व्यवसायाच्या ईमेलचा पासवर्ड कोण बदलू शकतं? व्यवसायाच्या नंबरचं सिम कोणाच्या नावावर आहे? वेबसाइटच्या नावाची नोंदणी कोणाच्या खात्यात आहे? कित्येकांना इथे पहिल्यांदाच कळतं की ती नोंदणी काही वर्षांपूर्वी साइट बनवून दिलेल्या माणसाच्या नावावर आहे आणि तो आता फोनही उचलत नाही. नोंदणी स्वतःच्या नावावर करून घ्या. ती ज्याच्या हातात असते, तो तुमचे सगळे मेल स्वतःकडे वळवू शकतो.

यादी झाली की दारं अरुंद करा. रोजच्या देण्यांसाठी वेगळं खातं ठेवा आणि त्यात लागेल तेवढीच रक्कम ठेवा. बँकेत सांगून एका दिवसाची हस्तांतरणाची मर्यादा गरजेपुरती खाली आणा. ठरावीक रकमेच्या वर दोघांची मंजुरी लागेल अशी सोय अनेक बँकांच्या व्यवसाय खात्यांत असते, ती मागून घ्या. दुसरा माणूस भागीदार असेल, जोडीदार असेल किंवा हिशेबनीस असेल. त्याला हिशेबातलं फार कळायलाच हवं असं नाही. ‘हे कशाचे?’ एवढं त्याने विचारलं तरी पुष्कळ काम होतं. खात्यातून रक्कम गेल्याचा संदेशही दोन फोनवर येऊ द्या.

दुसरी पायरी: उलट फोनचा नियम

या लेखातलं एकच काही करणार असाल तर ही पायरी करा.

समजा, एका पुरवठादाराशी तुमचा जुना व्यवहार आहे. गेल्या आठवड्यात माल आला, बिल आलं, रक्कम द्यायची आहे. आज त्याच बिलाच्या मेलखाली उत्तर येतं: ‘लेखापरीक्षण सुरू असल्याने आमचं नेहमीचं खातं तात्पुरतं बंद आहे. कृपया या बिलाची रक्कम सोबत दिलेल्या खात्यात जमा करावी. तसदीबद्दल क्षमस्व.’ बिल क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, खाली नेहमीची सही आणि लोगो. पाठवणाऱ्याचा पत्ताही तोच, अक्षरन् अक्षर.

पत्ता तोच आहे, कारण मेल खरोखर त्याच खात्यातून आला आहे. पुरवठादाराचा पासवर्ड आधीच कोणीतरी मिळवलेला असतो. तो चोर घाई करत नाही. जुने मेल वाचत, कोण कोणाचं किती देणं लागतो हे समजून घेत राहतो. त्या मेलबॉक्समध्ये तो एक गुपचूप नियमही लावून ठेवतो: ‘बिल’, ‘पेमेंट’ किंवा तुमचं नाव असलेला मेल आला की तो इनबॉक्समध्ये न दाखवता भलत्याच फोल्डरमध्ये टाकायचा. आउटलुक या मेल ॲपमध्ये यासाठी आरएसएस फीड्सचा (वेबसाइटवरच्या नव्या मजकुराच्या सूचनांचा) फोल्डर वापरल्याचं अनेकदा आढळलं आहे, कारण तो कोणी उघडतच नाही. अशा वेळी तुम्ही सावधपणे मेलवर विचारलं, ‘खातं खरंच बदललंय का?’ तर उत्तर चोरच देतो: ‘हो, बदललं आहे.’ म्हणून मेलची खातरजमा मेलवर करण्याला काही अर्थ नाही.

नियम असा ठरवा: खाते क्रमांक नवा असेल किंवा बदलला असेल, तर फोनवर बोलल्याशिवाय एक पैसाही जाणार नाही. फोन मेलमध्ये दिलेल्या नंबरवर करायचा नाही. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर करायचा. तो जुन्या बिलावर, करारावर किंवा तुमच्या फोनमध्ये सापडेल. ओळखीच्या माणसाशीच बोला. ‘अमुक क्रमांक बरोबर आहे ना?’ असं विचारू नका, कारण घाईत समोरचा ‘हो हो’ म्हणून टाकतो. ‘तुमचा खाते क्रमांक सांगा’ म्हणा आणि त्याने सांगितलेला क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. मग कोणाशी, कधी बोलणं झालं ते बिलावरच लिहा. पहिल्यांदा छोटी रक्कम पाठवा, पोचल्याचं त्यांच्याकडून फोनवर ऐका आणि मगच बाकीची पाठवा.

बँक नाव तपासेल या भरवशावर राहू नका. अनेक ठिकाणी रक्कम जमा करताना खाते क्रमांकच पाहिला जातो, नाव जुळतं की नाही हे पाहिलं जात नाही. ब्रिटनमध्ये मोठ्या बँकांनी २०२० पासून नाव पडताळून दाखवायला सुरुवात केली आणि युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून ही सोय बंधनकारक झाली. तुमच्या बँकेत ती असेल आणि ‘नाव जुळत नाही’ असा इशारा आला, तर तिथेच थांबा.

हा प्रकार किती पसरला आहे याचा अंदाज अमेरिकेच्या एफबीआयच्या आकड्यांवरून येतो. व्यवसायांच्या ईमेलमधून झालेल्या अशा फसवणुकीच्या एकवीस हजारांवर तक्रारी २०२३ या एका वर्षात त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या, आणि सांगितलेलं नुकसान सुमारे २.९ अब्ज डॉलर होतं.

उलट फोन मालकाच्या आवाजालाही लागू आहे, हे ऐकायला विचित्र वाटेल. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका ऊर्जा कंपनीच्या प्रमुखाला जर्मनीतल्या मुख्य कंपनीच्या वरिष्ठांचा फोन आला. तोच आवाज, बोलण्याची तीच लकब. त्याने २,२०,००० युरो पाठवले. आवाज संगणकाने तयार केलेला होता. २०२४ मध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्यासोबत याहून पुढचं घडलं. आलेल्या मेलचा त्याला आधी संशय आला होता. मग व्हिडिओ कॉलवर वरिष्ठ आणि सहकारी दिसले, बोलले, आणि त्याचा संशय मावळला. ते सगळे चेहरे बनावट होते. सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. संशय येऊनही तो फसला, कारण संशय आल्यावर नेमकं काय करायचं याची ठरलेली वाट त्याच्यापुढे नव्हती.

म्हणून तुमच्या माणसांना स्पष्ट सांगून ठेवा: ‘मी स्वतः फोन करून पैसे पाठवायला सांगितलं तरी फोन ठेवा आणि माझ्या नेहमीच्या नंबरवर मला लावा. मी चिडलो तरी लावा.’ हे शेवटचं वाक्य मनापासून म्हणा. साहेब रागावतील या भीतीवरच या फसवणुकीचा निम्मा डाव चालतो. मोजक्या लोकांत एक परवलीचा शब्द ठरवला तर आणखी बरं. तो मेलवर किंवा चॅटवर कधी लिहू नका.

तिसरी पायरी: आलेला फोन कसा हाताळायचा

स्क्रीनवर दिसणारा नंबर हा पुरावा नाही. इंटरनेटवरून फोन लावणारा हवा तो नंबर दाखवू शकतो, तुमच्या बँकेचासुद्धा. त्यामुळे ‘नंबर बँकेचाच होता’ हा युक्तिवाद मनातून काढून टाका.

सोंगं अनेक असतात. बँकेतून बोलतोय, तुमच्या खात्यातून आत्ता रक्कम जातेय, थांबवण्यासाठी आलेला कोड सांगा. वीजपुरवठा अर्ध्या तासात तोडणार आहोत, आत्ताच भरा. करखात्यातून बोलतोय, तुमच्यावर कारवाई होईल. तुमच्या संगणकात व्हायरस दिसतोय, एक ॲप उतरवून घ्या. प्रत्येकात तीच तीन कलमं असतात: भीती, घाई आणि कोणाला विचारू न देणं. तिसऱ्यावर विशेष लक्ष ठेवा. ‘फोन ठेवू नका’, ‘बँकेतल्या कोणाला सांगू नका, आतलेच लोक सामील आहेत’ असं कोणी म्हणालं की पुढचं ऐकायची गरज उरत नाही. खरी बँक तुम्हाला फोन ठेवून शाखेत यायला कधीही मना करणार नाही.

फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर पाठ करून द्या: ‘पैशांचं फोनवर काही ठरवायचं नाही असा आमचा नियम आहे. तुमचं नाव आणि विषय सांगा, आम्ही उलट फोन करतो.’ हे शांतपणे, हुज्जत न घालता म्हणायचं. मग बँकेचा नंबर कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्यायचा, इंटरनेटवर शोधून नाही, कारण शोधात वर दिसणाऱ्या जाहिराती आणि नंबरही बनावट असू शकतात. लँडलाइनवर फोन आला असेल तर उलट फोन दुसऱ्या फोनवरून करा. काही यंत्रणांत समोरच्याने रिसीव्हर ठेवला नाही तर लाइन थोडा वेळ चालूच राहते. भामटे त्याचा फायदा घेत आणि माणूस बँकेला फोन लावतोय असं समजून पुन्हा त्यांच्याशीच बोलत बसे.

दोन गोष्टी कोणालाही, कधीही द्यायच्या नाहीत. एक, फोनवर आलेला ओटीपी किंवा व्हॉट्सॲपचा सहा अंकी कोड. व्हॉट्सॲपचा कोड दिला तर तुमच्या व्यवसायाचं खातं दुसऱ्याच्या फोनवर सुरू होतं, आणि मग तुमच्याच ग्राहकांकडे तुमच्या नावाने पैसे मागितले जातात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये दुहेरी पडताळणीचा, म्हणजे कोडशिवाय आणखी एक पुरावा मागणारा, पिन लावून ठेवा. दोन, संगणकाचा ताबा. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर ही अस्सल, कामाची ॲप आहेत, पण स्वतःहून फोन करणाऱ्याच्या सांगण्यावरून ती उतरवली तर तुमचा माउस त्याच्या हातात जातो.

चौथी पायरी: ईमेलची कडी घट्ट करा

व्यवसायाच्या मेलबॉक्सला दुहेरी पडताळणी आजच लावा. एसएमएसवरचा कोड काहीच नसण्यापेक्षा बरा. कोड देणारं ॲप त्याहून बरं. पासकी (पासवर्डऐवजी तुमच्या फोनच्या किंवा संगणकाच्या लॉकने उघडणारी डिजिटल चावी) किंवा यूएसबीसारखी छोटी सुरक्षा-की सगळ्यात बरी. कारण साधं आहे. खोट्या पानावर तुम्ही ओटीपी टाकला तर चोर तो त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरतो. पासकी मात्र खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, खोट्या पानावर ती चालतच नाही. गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना अशा की सक्तीच्या केल्या, आणि त्यानंतर कामाचं एकही खातं अशा सापळ्यातून गेलं नसल्याचं २०१८ मध्ये सांगितलं. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर तोही एक पहारेकरी आहे. नेहमीच्या पानावर तो आपणहून पासवर्ड भरत नसेल, तर हाताने टाइप करण्याआधी पत्ता पुन्हा वाचा.

मग मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन नियम आणि फॉरवर्डिंग (आलेले मेल दुसऱ्या पत्त्यावर आपोआप पाठवणं) ही दोन ठिकाणं बघा. तुम्ही न लावलेला नियम किंवा अनोळखी पत्ता दिसला तर कोणीतरी आत शिरलं आहे असं समजा. नियम काढा, पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. दर महिन्याला हिशेब जुळवताना हे पाहण्याची सवय लावा.

तुमच्या स्वतःच्या डोमेनवरून, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या पत्त्यावरून, मेल जात असेल तर ते सांभाळणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क लावायला सांगा. या तीन नोंदींमुळे तुमच्या पत्त्याने दुसऱ्या कोणी पाठवलेला मेल समोरच्याच्या सर्व्हरला ओळखता येतो. डीमार्क लावून ‘नुसती नोंद घ्या’ या पातळीवर वर्षानुवर्षं सोडून दिलं जातं आणि त्याने काहीच अडत नाही. तुमचे खरे मेल व्यवस्थित जातात याची खात्री झाली की ते ‘नाकारा’ या पातळीवर न्या.

पत्ता वाचण्याविषयी थोडं. मोबाइलवर मेल उघडला की बहुतेक वेळा फक्त नाव दिसतं आणि नाव कोणीही कोणतंही लावू शकतं. नावावर बोट टेकवून पूर्ण पत्ता उघडा. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी लिहिले तर लहान अक्षरांत फरक कळतही नाही. ‘एल’च्या जागी आकडा एक, ही तर जुनी युक्ती आहे. क्यूआर कोड असलेल्या मेलपासून जास्त जपा, कारण त्यातली लिंक डोळ्यांना वाचता येत नाही आणि ती संगणकावरून तुमच्या फोनवर उडी मारते.

छोटी बिलं, न मागवलेला माल

रक्कम छोटी असते म्हणून ही बिलं तपासली जात नाहीत. डिरेक्टरीतल्या नोंदीचं बिल, डोमेनच्या नूतनीकरणाचं भलत्याच कंपनीकडून आलेलं पत्र, ट्रेडमार्कच्या ‘नोंदणी’ची मागणी. या शेवटच्या प्रकाराबद्दल जागतिक बौद्धिक संपदा संघटना अर्जदारांना अनेक वर्षं इशारे देत आली आहे, कारण अर्जदारांची नावं जाहीर नोंदीत असतात आणि भामटे ती तिथूनच उचलतात. कधी कोणी फोन करून ऑफिसच्या प्रिंटरचं मॉडेल विचारतं आणि काही दिवसांनी न मागवलेलं टोनर चढ्या भावाच्या बिलासह येतं. उपाय एकच: तुमच्या वहीत ऑर्डरची नोंद नसेल तर बिल भरायचं नाही.

जास्त पैसे ‘चुकून’ आले तर

नवा ग्राहक मोठी ऑर्डर देतो, चेक ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा पाठवतो आणि वरची रक्कम परत करायला किंवा ‘वाहतूकदाराला’ द्यायला सांगतो. खात्यात रक्कम दिसते, तुम्ही वरचे पैसे पाठवता आणि काही दिवसांनी चेक परत येतो. बँक चेक पूर्ण वटण्याआधीच रक्कम वापरायला देऊ शकते, या फटीत हा डाव बसतो. ऑनलाइन पेमेंटचा स्क्रीनशॉट किंवा आलेला संदेश यांनाही पावती मानू नका. स्वतःच्या खात्यात जाऊन रक्कम पाहा. जादा रक्कम खरोखर आली असेल तर ती ज्या वाटेने आली त्याच वाटेने, बँकेला कळवून परत जाऊ द्या.

माणसांशी बोलून ठेवा

नव्या कर्मचाऱ्याच्या पहिल्या काही दिवसांतच ‘साहेबांचा’ मेसेज येतो: मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, ग्राहकांसाठी गिफ्ट कार्डं घे आणि कोड पाठव. नव्या माणसाला साहेबांची बोलण्याची पद्धत माहीत नसते आणि नाही म्हणायचा धीरही नसतो. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा की या व्यवसायात गिफ्ट कार्डाने कोणतंही देणं दिलं जात नाही.

आणि चूक सांगणाऱ्यावर कधीही ओरडू नका. ज्याने लिंक दाबली तो ती घाबरून लपवतो, आणि लपवलेला प्रत्येक तास चोराच्या पदरात पडतो.

पैसे गेलेच तर

आधी बँकेला फोन, बाकी सगळं नंतर. रक्कम ज्या खात्यात गेली ते गोठवण्याची आणि रक्कम परत बोलावण्याची मागणी करा, आणि ‘फसवणूक’ हा शब्द स्पष्ट वापरा. चोर ती रक्कम पुढे दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात ढकलत असतो, त्यामुळे इथे मिनिटं मोजली जातात. उशीर झाला म्हणून गप्पही बसू नका. एफबीआयच्या पैसे अडवणाऱ्या पथकाने २०२३ मध्ये हाती घेतलेल्या प्रकरणांत, धोक्यात आलेल्या एकूण रकमेपैकी सुमारे ७१ टक्के रक्कम गोठवून घेतली होती. वेळेत कळवलं तर पैसे सापडतात.

बँकेशी बोलणं होताच तुमच्या देशातल्या सायबर गुन्हे यंत्रणेकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक बँकेला द्या. मेल पुसून टाकू नका. मूळ मेल हेडरसकट (मेल कुठून, कसा आला याच्या तांत्रिक नोंदीसकट) जपून ठेवा, कॉलची वेळ, व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट एका जागी ठेवा. ताबा घेऊ देणारं ॲप उतरवलं असेल तर तो संगणक लगेच इंटरनेटवरून तोडा आणि पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला, सगळ्यात आधी ईमेलचा. ज्या पुरवठादाराच्या किंवा ग्राहकाच्या नावाने हे झालं त्याला फोन करून सांगा. त्याच्या मेलबॉक्समध्ये चोर अजून बसलेला असू शकतो आणि पुढचं बिल दुसऱ्या कोणाला तरी गेलेलं असू शकतं.

पुढच्या काही आठवड्यांत आणखी एक फोन येईल, त्यासाठी तयार राहा. ‘तुमची गेलेली रक्कम आम्ही शोधली आहे, थोडं शुल्क भरलं की परत मिळेल’ असं सांगणारा कधी वकील म्हणवतो, कधी अधिकारी. फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात आणि तुमचा नंबर त्यात गेलेला असतो. त्यालाही तेच उत्तर द्या, नाव आणि विषय लिहून घ्या, आणि तुमच्या तक्रारीवर काम करणाऱ्या कार्यालयाला, त्यांचा जो नंबर तुम्हाला आधीपासून माहीत आहे त्यावर, उलट फोन करा.